सेल्फ नुसता टकटकतो तेव्हा

चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, आणि बॉनेटखालून नुसती ‘टक’. इंजिन ढिम्म. अशा वेळी हात आपोआप पुन्हा चावीकडे जातो. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दर खेपेला जरा जास्त वेळ धरून. यात बॅटरीत उरलेली धुगधुगीही संपते आणि बिघाड होता तिथेच राहतो. म्हणून पहिली विनंती ही, की दोनदा चावी मारून झाली की थांबा. दुसऱ्या खेपेला एसी, पंखा, रेडिओ बंद करा, दार उघडं ठेवा आणि कान देऊन ऐका. टक एकदाच झाली, की टक-टक-टक-टक अशी लागोपाठ? आवाज बॉनेटखाली खोलवरून आला, की डॅशबोर्डच्या मागून? एवढं कळलं की निम्मं काम झालं. पुढचं काम तुम्हाला करायचं नसेल तरी हरकत नाही. फोनवर ‘गाडी सुरू होत नाही’ एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने येतो. ‘सेल्फ एकदाच टक करतोय, हेडलाइट मंद होत नाहीत’ असं सांगितलं तर तो लागणारं सामान घेऊनच निघतो.

हा आवाज येतो कुठून, ते आधी पाहू. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो स्टार्टर म्हणजे इंजिनाच्या कडेला, गिअरबॉक्स जिथे जोडलेला असतो तिथे बसवलेली एक दणकट मोटर. तिच्या अंगावर नळकांड्याच्या आकाराचा आणखी एक भाग असतो, तो सोलेनॉइड. चावी फिरवली की एक बारीक वायर सोलेनॉइडला करंट देते, तो आतला दांडा खेचतो आणि त्या एका हालचालीत दोन कामं होतात. बेंडिक्सचं दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसतं. आणि तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट एकमेकांना टेकून बॅटरीचा खरा करंट मोटरीत शिरतो. खोलवरून येणारी ती ‘टक’ या दांड्याची असते. ती ऐकू आली, म्हणजे चावी, बारीक वायर आणि तिच्या वाटेवरचा रिले आपापलं काम करताहेत. अडलंय ते बहुतेक वेळा जाड करंटाच्या वाटेवर.

ही वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावरूनच चालत जाते: बॅटरीचा पॉझिटिव्ह पोल, त्यावरचा टर्मिनल, जाड लाल केबल, सोलेनॉइड, मोटर, मग परतीला इंजिनाचं धड, इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थची पट्टी, आणि बॉडीवरून काळ्या केबलने पुन्हा बॅटरीचा निगेटिव्ह पोल. लोक जाण्याची बाजू तपासतात आणि परतीची विसरतात. बिघाड दोन्हीकडे सारखाच होतो.

‘दिवे तर लागताहेत, मग बॅटरी ठीकच असणार’ हा समज मी इतक्या जणांकडून ऐकला आहे, की त्याबद्दल आकड्यांत बोलायला हवं. हेडलाइटचा साधा बल्ब 55 ते 60 वॅटचा, म्हणजे जेमतेम 5 अँपिअर ओढणारा. दोन्ही मिळून 10. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना 100 अँपिअरच्या वर ओढतो आणि डिझेलचा त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा दिवे लागणं, हॉर्न वाजणं, काचा वर-खाली होणं यावरून बॅटरीची खरी ताकद कळत नाही. कळते ती सेल्फ मारताना त्या दिव्यांचं काय होतं यावरून.

म्हणून घरच्या घरी करायची सर्वांत चांगली परीक्षा अशी: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट लावून भिंतीवर प्रकाश पडेल अशा बेताने उभी. कुणाला तरी समोर पाहायला सांगा आणि सेल्फ मारा. दिवे अगदी मंद झाले किंवा विझलेच, तर दोष बॅटरीत नाहीतर तिच्या जोडांत आहे. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि टक एकदाच झाली, तर करंट मोटरीत शिरलेलाच नाही. दोष सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टमध्ये, मोटरीत किंवा इंजिनाच्या अर्थमध्ये शोधायचा.

लागोपाठ टकटक होत असेल तर बहुतेक वेळा दिवे मंद होणारच. शेतात विहिरीवर मोटर असेल त्यांना हा आवाज ओळखीचा आहे. व्होल्टेज पडलं की पंपाचा स्टार्टर टर्रर्र करत राहतो, धरत नाही आणि सोडतही नाही. गाडीतही तेच घडतं. कॉन्टॅक्ट टेकतात, मोटर करंट ओढू लागते, त्या ओढीने थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज एकदम खाली बसतं, सोलेनॉइडला दांडा धरून ठेवता येत नाही, कॉन्टॅक्ट सुटतात. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर, दांडा पुन्हा आत. सेकंदात हे कितीतरी वेळा होतं. असा आवाज आला तर सेल्फ खोलायचा विचार मनात आणू नका. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल नीट टेकत नाहीत, या दोहोंपैकी एक.

आवाज डॅशबोर्डच्या मागून किंवा फ्यूजबॉक्समधूनच येत असेल आणि खाली काहीच होत नसेल, तर ती रिलेची टिकटिक. मग बारीक वायर पाहावी लागते. पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा ती तुटलेली सापडणं मुळीच दुर्मीळ नाही. काहीच आवाज नसेल तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, एवढं पाहून घ्या. आणि मोटर घुर्रकन नुसती फिरते पण इंजिन फिरत नाही, असं असेल तर बेंडिक्स धरत नाही. ते गॅरेजचंच काम.

आता टर्मिनल. या लेखातली एकच गोष्ट कराल तर ही करा.

बॉनेट उघडून बॅटरीच्या दोन्ही पोलांकडे जवळून पाहा. जोडाभोवती पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी जमलेली दिसते का? ती ॲसिडच्या वाफेने होणारी झीज आहे आणि करंटाला ती अडवते. पण भुकटी नसली म्हणजे जोड चांगला, असं नाही. पोल आणि टर्मिनल यांच्या मधोमध, बाहेरून न दिसणारा एक काळपट पापुद्रा चढतो. दिव्यांपुरता करंट त्यातून सहज जातो, सेल्फचा जात नाही. म्हणून हाताने पाहावं: टर्मिनल अंगठा आणि दोन बोटांत धरून पिळा. तो तसूभरही फिरता कामा नये. फिरला, तर बिघाड तुमच्या हातात आलाय. दुसरी खूण उष्णतेची. दोन-तीनदा सेल्फ मारल्यानंतर दोन्ही टर्मिनलांना आणि केबलच्या टोकांना बोट लावून पाहा. जो जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागेल, करंट तिथेच अडतोय. अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन मीटर काढायच्या आधी हेच करतात.

साफ करायला दहा नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. गळ्यातलं लोंबत असेल तर आत घ्या. इंजिन बंद, चावी बाहेर. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळा टर्मिनल सोडवा, नंतर पॉझिटिव्ह. लावताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. हा क्रम नियमासाठी नियम नव्हे. सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर ठेवून तुम्ही पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं, तर बॅटरीचा सगळा जोर त्या पान्यातून वाहतो. पाना तापून लाल होऊ शकतो आणि बॅटरीजवळचा वायू पेटू शकतो.

भुकटीवर कोमट पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा ओता. फेस येईल, तो थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशने घासा आणि साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. बॅटरीच्या झाकणांतून सोडा आत जाऊ देऊ नका. मग पोलाचा बाहेरचा भाग आणि टर्मिनलचा आतला भाग बारीक पॉलिश पेपरने घासून शिशाची चकाकी दिसेपर्यंत स्वच्छ करा. घट्ट बसवल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जेली जोड बसवल्यावर लावायची, आधी मधोमध भरायची नाही. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे काम पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं दोनदा करावं. खाऱ्या हवेत टर्मिनल आणि त्याहून जास्त अर्थचा जोड फार लवकर खराब होतो. अर्थची पट्टी इंजिनाला आणि बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथला गंज खरवडून काढा. कितीतरी चांगले सेल्फ केवळ या पट्टीपायी बदलले जातात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चार-पाचशे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्या प्रत्येकाकडे तो असावा असं माझं मत आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन पोलांवर टोकं टेकवा. 12.6 व्होल्ट किंवा वर असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली गेली तर उतरलीच. मग कुणाला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा. 10 च्या आसपास टिकला तर बॅटरीत दम आहे. उभ्याने 12.6 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताक्षणी 7-8 वर कोसळली, तर तिच्या आतल्या प्लेटा गेल्या आहेत. ती चार्ज करून उपयोग नाही.

आणि आता मीटरचा खरा उपयोग. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या पोलावर, दुसरं त्याच पोलावर बसलेल्या टर्मिनलवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. जोड चांगला असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर तेवढं व्होल्टेज तो जोडच खातोय. असंच निगेटिव्ह पोल आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजा, 0.2-0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब. एकही भाग न उघडता, पाच मिनिटांत, दोष बॅटरीत, जोडात की मोटरीत हे ठरतं. गॅरेजमध्ये कुणी ही चाचणी न करताच ‘सेल्फ गेलाय’ म्हणालं, तर आधी ही चाचणी करा असं नि:संकोच सांगा.

बॅटरीच उतरलेली असेल आणि निघणं भाग असेल, तर जंप केबल. दुसरी गाडी 12 व्होल्टचीच हवी. हायवेवर ढाब्यापाशी गाडी अडली की ट्रकवाले आपुलकीने मदतीला येतात, पण मोठे ट्रक आणि एसटी बस 24 व्होल्टवर चालतात. त्यांच्याकडून थेट जंप घेतला तर तुमच्या गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला नव्हे, तर त्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा जोड लावताना ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. म्हणून ती ठिणगी लांब पडलेली बरी. चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं चालू ठेवा, मग तुमचा सेल्फ मारा. दहा सेकंदांच्या वर धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा. सुरू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा. फुगलेल्या, चिरलेल्या किंवा ॲसिड गळणाऱ्या बॅटरीला जंप देऊच नका. हायब्रिड गाडीतून दुसऱ्याला जंप देण्याआधी तिचं मॅन्युअल पाहा. काही कंपन्या त्याला मनाई करतात.

धक्का मारून सुरू करायची रीत मॅन्युअल गिअरच्या गाडीत अजून चालते: चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक किंवा एएमटी गाडीत हे होत नाही. बॅटरी पार मेलेली असेल तर धक्क्यानेही उपयोग नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, यांनाही व्होल्टेज लागतं. आणि उतारावर हा प्रयोग करताना ध्यानात असू द्या, की इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात. घाटात कधीच करू नका.

दिवे लख्ख, बॅटरी भरलेली, जोड स्वच्छ, आणि तरी एकच ‘टक’? मग मोटरीकडे वळा. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी जळतात, किंवा मोटरीतले कार्बन झिजून आखूड होतात. कुणीतरी सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हळू ठोकतं आणि गाडी सुरू होते, ती अडकलेला कार्बन सरकल्यामुळे. घरी पोहोचण्यापुरता हा उपाय ठीक आहे. ठोकताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, आणि हात पंखा-पट्ट्यांपासून दूर. त्याच आठवड्यात काम करून घ्या. कार्बन आणि कॉन्टॅक्ट बदलून बहुतेक सेल्फ पुन्हा नीट चालतात. अख्खा नवा सेल्फ घ्यायची गरज आर्मेचर जळालं असेल तरच पडते. जुने सुटे भाग परत मागून घ्या आणि पाहा.

एका प्रसंगी मात्र यातलं काहीही करायचं नाही. गाडी पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यात उभी होती, किंवा पाण्यातून जाताना बंद पडली, आणि आता सेल्फ मारला तर एकच जड ‘ठक’ होऊन सगळं थांबतं. त्या क्षणी चावी काढून घ्या. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दर वेळी सेल्फ मारला की धोका वाढतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. त्यानंतरही दर पावसाळ्यात ठाणे, कोल्हापूर, सांगली, चिपळूण भागांत हा प्रश्न उभा राहतोच. नुसती बुडालेली गाडी साफसफाईने परत येऊ शकते. बुडाल्यावर सेल्फ मारलेल्या गाडीचं इंजिन खोलावं लागू शकतं, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्यायला सांगा. जंप नाही, धक्का नाही.

बॅटरी चार्ज झाली, गाडी सुरू झाली, तरी बॅटरी का उतरली हे शोधायला हवं, नाहीतर आठवड्याने पुन्हा तेच. इंजिन चालू असताना पोलांवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी असतील तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहा. अल्टरनेटर चालतोय का हे पाहायला चालू इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढायची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. आजच्या गाडीत कुणालाही ते करू देऊ नका. व्होल्टेजची एकच उसळी ईसीयू जाळू शकते.

अल्टरनेटर ठीक असेल, तर गाडी उभी असताना करंट जातोय. घड्याळ, अलार्म यांच्यासाठी 20 ते 50 मिलिअँपिअर जाणं सामान्य आहे. 50 धरले तरी दिवसाला 1.2 अँपिअर-अवर होतात. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची; म्हणजे दोन आठवडे नुसत्या उभ्या गाडीची बॅटरी अर्धी होते. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा जास्तीची म्युझिक सिस्टिम असेल तर आणखी लवकर. गावाला महिनाभर जायचं असेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. रोजची धाव दोन-तीन किलोमीटरची असेल तर आठवड्यातून एकदा गाडी तासभर सलग चालवा. उभ्या गाडीचं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवल्याने बॅटरी भरत नाही.

आणि ऊन. लोक थंडीला बॅटरीचा शत्रू मानतात, कारण बॅटरी डिसेंबरच्या पहाटे दगा देते. पण तिला आतून मारतं ते मेचं ऊन. विदर्भातल्या 45 अंशांत प्लेटांची झीज वाढते, पाणी आटतं; मग निफाडला पारा उतरला की ती कमजोरी उघडी पडते. पाणी भरायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी पाहा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं नको, ॲसिड तर नकोच.

आपल्याकडच्या हवेत बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. नवी घेताना अँपिअर-अवर तेवढेच, पॉझिटिव्ह पोल त्याच बाजूला, आणि सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर पूर्वीच्याच प्रकारची, ईएफबीच्या जागी ईएफबी, असं पाहून घ्या. दुकानात किती महिने पडून होती हे बनावटीच्या तारखेवरून कळतं. फार जुनी असेल तर दुसरी मागा. पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला लोड टेस्ट करून दाखवायला सांगा, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि जुनी बॅटरी त्याच्याकडेच द्या. शिशाची किंमत वजा करून मिळते, आणि ॲसिड भंगारवाल्याच्या हातून गटारात जात नाही.